हिरव्या रंगाखालचा सांधा

हिरामण,

समाजाच्या अंकात तुझा फोटो येणार आहे. खाली काय छापायचं ते पोरांनी आधीच ठरवलं होतं, "शांत व मनमिळाऊ स्वभावाचे". मला वाचून दाखवलं आणि विचारलं, दाजी, बरोबर आहे ना. मी म्हणालो, खोटं आहे. शांत माणसाच्या पोटात काही नसतं. तुझ्या पोटात माझी चूक होती, आणि नऊ वर्षं तू ती दाबून बसलास. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यांनी माझ्यापुढे वही टाकली, म्हणाले, तुम्हीच लिहा. माझी शाळा चौथीत सुटली. जोडाक्षर आलं की हात अडखळतो. पण लिहितोय, कारण तोंडाने सांगून पाहिलं आणि ते कोणी ऐकलं नाही. ते पुढे सांगतो.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांनी हे ठरवलं त्यांना तुझ्यासारखा शालक नव्हता.

तुझ्या कमलने मला दशव्याच्या दिवशी सांगितलं. पिंडाला कावळा शिवला होता, सगळे नदीवरून परत निघाले होते. तुझी बायको मागे राहिली आणि माझ्या शेजारून चालायला लागली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दाजी, आते लपाडीसन काय करू. मशीन फुटेल शे हाई त्यासले त्याच दिन समजेल व्हतं. सुरतले." म्हणजे मशीन फुटकी आहे हे तुला सुरतेलाच, घेतानाच कळलं होतं. मी थांबलो. ती थांबली नाही. एवढं बोलून पुढे बायकांत जाऊन मिसळली. तू मला जे सांगायला हवं होतंस ते तुझ्या मागे तिने सांगितलं, आणि तेही चालता चालता.

सुरतेची गोष्ट मी उलटीपालटी करून रोज बघतोय. आपलं तळोद्याचं दुकान, डोंगरातल्या जीपगाड्या सुटतात त्या कोपऱ्यावरचं. मी आणि तू समोरासमोर बसायचो, गुडघ्याला गुडघा लागेल एवढी जागा. खोगीर, लगाम, तंग. वाचणाऱ्यांतल्या कोणाला माहीत नसेल तर, तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून जाऊन खोगीर आवळून धरणारा पट्टा. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेऊन येणारे आपल्या दुकानाचा माल बघून मान हलवायचे. सगळं हाताने, आरी आणि दोन सुया. मग माझे अंगठे गेले. थंडीत सकाळी सुई चिमटीत राहीना. तू एक दिवस म्हणालास, "दाजी, जुनी मशीन लेऊत."

मी तुला वेड्यात काढलं होतं. मशीनचा टाका एकीकडून तुटला की सगळा उसवतो, हाताचा टाका एक दोरा तुटला तरी दुसऱ्यावर धरून राहतो, हे मी तुला शिकवलं आणि तू मलाच मशीन सांगतोस, असं म्हणालो होतो. तू वाद घातला नाहीस. तू कधीच घातला नाहीस, हीच माझी तक्रार आहे. नंदुरबारला दप्तरं शिवणाऱ्या एकाकडे जाऊन बसायला लागलास. महिनाभराने येऊन मला सांगितलंस की चामड्याला घरातली शिलाई मशीन चालत नाही. तिचे फक्त खालचे दात कापड ओढतात, आणि जाड चामड्यात वरचा पदर मागे राहतो. वरचा पायसुद्धा चालणारा पाहिजे. मशीनचा हात ऐरणीच्या शिंगासारखा बारीक आणि लांब पाहिजे, म्हणजे खोगिराचा खिसा त्यावर चढेल. आणि जुनी घेताना आपलं चामडं, आपला दोरा घेऊन जायचं, दुकानदाराच्या तुकड्यावर शिवून बघायचं नाही. तू हे सगळं बोटांवर मोजून मोजून सांगितलंस. मी म्हटलं, हे मला काय शिकवतोस. पण ऐकलं होतं, हिरामण. मी ऐकलं होतं. त्यामुळेच आता जास्त जळतं.

नंदुरबारहून सकाळच्या गाडीने गेलो. तुझ्या मांडीवर पिशवी, तिच्यात म्हशीच्या चामड्याचे तीन पदर एकावर एक चिकटवलेले, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ. स्टेशनाच्या मागे ते जुन्या मशीनचं गोदाम. शेठने मला बघितलं, माझा पटका बघितला, आणि खुर्ची पुढे केली. "आवो वडील, बेसो." तुला कोणी बस म्हणालं नाही. तू उभाच. कपबशीत चहा आला, एकच. तो मी प्यालो.

दोन मशीनी होत्या. एक काळी, जागोजाग रंग उडालेला, तेलाने माखलेली. हात टेकून टेकून तिच्या मानेवर लोखंड उघडं पडलं होतं. तू तिच्याकडे गेलास आणि चाक हाताने फिरवलंस, हळू, डोळे मिटून. म्हणालास, "दाजी, हाई कामवरतून उठीसन येल शे." कामावरून थेट उठून आलेली, म्हणजे चालती. दुसरी हिरवीगार, नवा रंग, पितळेच्या पट्ट्या चकाकणाऱ्या. मी आयुष्यभर घोड्यांच्या बाजारात बसलेला माणूस. अंगावर तेज, मान ताठ, चार पावलं नाचत टाकली की घोडा चांगला, हे माझं शिक्षण. मी हिरव्या मशीनकडे बोट केलं. शेठ हसला, "वडील, आ तो घोडो छे, घोडो." त्याने मऊ कातड्याचे दोन पातळ तुकडे घेतले आणि शिवून दाखवले. टाके असे की ज्वारीचे दाणे ओळीत लावावेत.

तू पिशवीतून आपले तीन पदर काढलेस. मी म्हणालो, "ठेव ते पिशवीमा. शेठ काय खोटं बोली ऱ्हायना का?"

तू ठेवलेस. पण त्याआधी हिरव्या मशीनच्या मानेखाली हात घालून मागून पुढे फिरवलास, आणि एका जागी तुझी बोटं थांबली. मी पाहिलं होतं. मी विचारलं, "काय रे?" तू शेठकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी तोपर्यंत "हाईच लेवानी" म्हणून मोकळा झालो होतो, आणि शेठचा माणूस मशीन खाली उतरवत होता. तू बोटं धोतराला पुसलीस आणि म्हणालास, "काही नही दाजी. तुम्हले पसंत शे ना, मंग झायं."

मंग झायं. या दोन शब्दांत तू मला विकलंस.

मला माहीत आहे तू का गप्प बसलास. तुझ्या बापाने मांडवात पितळी परातीत माझे पाय धुतले होते, आणि तू बारा-तेरा वर्षांचा, तांब्या धरून उभा होतास. बहिणीच्या नवऱ्याला परगावी, परक्या माणसासमोर खोटं पाडायचं नाही, हे तुला त्या तांब्याबरोबर पाजलं होतं. आपल्याकडे सगळ्यांनाच पाजतात. मीही माझ्या मोठ्या दाजींना कधी उलट बोललो नाही. ते दोन वेळा खोटं बोलले, मी दोन्ही वेळा मान हलवली. पण ते लग्नाच्या तिथीबद्दल होतं, हिरामण, आणि हे लोखंड होतं. लोखंडाला दाजी कळत नाही.

कानात सांगायचं होतंस. माझा पंचा ओढून बाहेर न्यायचं होतंस. म्हणायचं होतंस, दाजी, पोटात दुखतंय, दुकानातून चला. तुला तेवढं खोटं बोलता येत होतं, कारण पुढे तू रोज बोललास.

परतीच्या गाडीत मशीन गोधडीत गुंडाळलेली, तुझ्या पायाशी. तुझा हात सगळा रस्ता गोधडीच्या आत. मला वाटलं, तुला माझी निवड आवडली, लाडाने गोंजारतोय. मी समोरच्या प्रवाशाला सांगितलंसुद्धा की माझा शालक फार हौशी आहे. तू मान खाली घातलीस. त्या माणसाने तुला भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्या तू डाव्या हाताने घेतल्यास. उजवा काढला नाहीस.

मशीन चाललीही. नाव झालं. पहिल्या वर्षी आपल्या दुकानापुढे माणसं उभी राहिली. मी गिऱ्हाइकाला सांगायचो की सुरतेला शंभर मशीनी बघितल्या आणि त्यातली ही उचलली. तू दोन म्हणून दुरुस्त केलं नाहीस. मशीनवर बसायचास तू, कारण माझे अंगठे. आणि रोज काम संपलं की शिवलेले तंग पिशवीत घालून घरी न्यायचास आणि सकाळी परत आणायचास. विचारलं तर म्हणायचास, कडा घासायला नेतो. मी गल्लीतल्या लोकांसमोर तुझी चेष्टा करायचो, "बहीनना घरनं चामडं चोरी ऱ्हायना का रे?" सगळे हसायचे. तू म्हणायचास, "दाजी, तुमना घरनं ते सगळं मन्हंच शे," आणि परत सगळे हसायचे.

बाकीचं कमलने तेराव्याला सांगितलं, की तू पहाटेचा चहा झाला की अंगणात बसून मशीनचा दोरा उसवायचास, आणि त्याच भोकांतून दोन सुयांनी हाताने शिवायचास. मशीनच्याच भोकांतून. त्याच दोऱ्याने. म्हणजे वरून बघणाऱ्याला मशीनचं काम वाटावं. फक्त तंग. कारण तंगाला तीन पदर, आणि तीन पदर आले की त्या मशीनची मान केसभर उचलायची, खालचा दोरा अडकायचा नाही, नुसता पडून राहायचा. लगामाचे टाके ठीक यायचे, खिशाचे ठीक यायचे. जिथे माणसाचा जीव टांगलेला तिथेच ती खोटी होती.

यात तू माझा जेवढा अपमान केलास तेवढा दुश्मनाने केला नसता. चाळीस वर्षं आरी धरलेला माणूस मी. डोळे मिटून चामड्यावर बोट फिरवलं तर कुठल्या गावच्या माणसाने कमावलंय ते सांगायचो. आणि माझ्याच दुकानात, माझ्याच हाताखाली, मला हाताचा टाका मशीनचा वाटला. तू इतका चांगला शिवायचास. हे मी तुला जिवंतपणी एकदाही म्हणालो नाही. म्हणणार होतो असंही नाही. मला वाटायचं, तुला शिकवलं मी, तर त्यात काय.

मग ती सारंगखेड्याची यात्रा, आपण मशीन घेऊन तिथे पाल ठोकून बसलेलो. कळसाडीचे एक बागायतदार, त्यांची नाचणारी घोडी. घोडी अंगाने भरली होती, जुना तंग पुरेना, नवा पाहिजे म्हणून पालापुढे उभे. तू मशीनवर शिवलास आणि म्हणालास, "दाजी, हाऊ सकाये देऊत."

"गिऱ्हाईक उभं शे."

"कडा घासाना ऱ्हायन्यात."

"घोडाना पोटखाले कडा कोन देखस?"

तू तो पट्टा सोडेनास. माझ्या लक्षात आहे, दोघांनी दोन टोकं धरली होती, आणि बागायतदार बघत होते. मी ओढला. तू सोडलास. परत तेच, परक्यासमोर दाजीच्या हातातून वस्तू ओढायची नाही. सोडताना तुझ्या तोंडाकडे मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोडी रिंगणात दोन पायांवर उभी राहिली आणि खोगीर फिरलं. वर बागायतदारांचा पुतण्या. त्याचं मनगट मोडलं. देवाची कृपा, तेवढंच. ते पट्टा घेऊन आपल्या पालाशी आले. पोत्याचं तोंड उसवावं तसा एका बोटाने दोरा ओढून दाखवला, सर्र आला. सगळी खोगिरांची गल्ली जमली. मी तो पट्टा हातात घेतला आणि म्हणालो, "हाई शिवन मन्ही नही. हिरामणनी शे. त्याना हात हालना."

आणि तू म्हणालास, "हाव. मन्हीच शे."

तेव्हा तरी. तेव्हा तरी बोलायचंस. एका वाक्यात मी गार झालो असतो. बागायतदारांनी तुला काय काय ऐकवलं, तू हात जोडून उभा. मी पालाच्या आत बसून राहिलो. संध्याकाळच्या आत तू तुझी आरी, सुया, रापी फडक्यात बांधलीस. पुढच्या महिन्यात कमलला आणि पोरीला घेऊन धानोऱ्याला गेलास. आठवड्याच्या बाजारात लिंबाखाली बसून चपला सांधायला लागलास. खोगीर शिवणारा हात, आणि चपलांचे अंगठे. तुझी बहीण दर राखीला जायची आणि परत येऊन माझ्याशी दोन दिवस बोलायची नाही. मी म्हणायचो, चूक त्याची, मी का जाऊ. मशीनवर मी तीच गोधडी टाकली होती. विचारणाऱ्याला सांगायचो, चालवणारा हात गेला.

दशव्याहून मी सरळ तळोद्याला आलो. गोधडी काढली. मशीन आडवी केली आणि मानेखालचा हिरवा रंग रापीने खरवडला. खाली वेल्डिंगचा सांधा होता, माझ्या करंगळीएवढा जाड, नीट घासून सपाट केलेला. बोटाला लागतो. डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. त्या दिवशी सुरतेला मीही हात लावला असता तर मलाही लागला असता. मी खुर्चीवर बसून होतो.

तेराव्याला मी परत धानोऱ्याला आलो, ते ठरवून आलो. जेवणं व्हायच्या आधी, सगळे सतरंजीवर बसलेले असताना उभा राहिलो आणि सांगितलं. मशीन फुटकी मी घेतली. तंग मी ओढून घेतला. हिरामणचा हात हलला नव्हता, मी खोटं बोललो. 

तुला काय वाटतं, काय झालं असेल?

समाजाचे मोठे पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, ऱ्हाऊ द्या. तुम्ही मोठा शेतस." दुसरा म्हणाला, गेलेल्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यायला केवढं काळीज लागतं. तिसरा म्हणाला, असे दाजी नशिबाने मिळतात. मी ओरडून सांगितलं की अरे, हे मोठेपणाने नाही सांगत, झालं ते सांगतोय. तर म्हणाले, बघा, दुःखाने कसं बोलताहेत, पाणी द्या. मला पाणी दिलं, हिरामण. मांडीखाली उशी दिली. मी चूक कबूल केली आणि तुझ्याच दारात माझा मान वाढला. तुझा मात्र हात हललेला तो हललेलाच राहिला. तुमच्या सगळ्यांचं हे मान देणं म्हणजे तोंडात बोळा कोंबणं आहे. तुला नऊ वर्षं कसं वाटलं असेल ते मला त्या उशीवर बसून थोडंसं कळलं.

मला एसटीवर सोडायला तुझी पोरगी रंजना आली. सासरहून आलेली, डोळे सुजलेले. माझी पिशवी तिने धरली होती, पण माझ्याशी बोलत नव्हती. थांब्यावर बाकावर बसलो. मीच म्हणालो, "पोरी, तू ऐकलंस ना मी काय बोललो ते. कोनी मानत नही."

ती म्हणाली, "मी मानस."

मी मान वर केली.

"चूक तुमनीच व्हती, फुवा. बाप घरमा कधी बोलना नही, पन मायले माहीत व्हतं, मालेबी माहीत व्हतं. तुम्हले फकस्त माहीत नव्हतं." हे ती शांतपणे म्हणाली. भाजी निवडताना बोलावं तसं. मग माझ्याकडे वळून बघितलं, अगदी तुझे डोळे, पण तू कधी असं बघितलं नाहीस. "आनि आठे धानोराले बोलीसन काय उपेग? धानोराले बापले कोनी नावं नही ठेयात. जठे ठेयात तठे बोला."

माझ्या आयुष्यात मला कोणी असं बोललं नव्हतं. बायको बोलली नाही, मुलं बोलली नाहीत. माझ्या तोंडावर आलं होतं, फुव्याशी, आत्याच्या नवऱ्याशी, असं बोलतात का. आलं होतं आणि मी गिळलं. कडू होतं, पण खाली गेल्यावर छातीतली जागा मोकळी झाली, ती तुझ्या मरणाची बातमी आली त्या दिवसापासून झाली नव्हती.

मी म्हणालो, "हाव. बरोबर शे तुन्हं."

मग तिला सांगितलं की दत्तजयंतीला यात्रेत जातो, खोगिरांच्या गल्लीत, जिथे बोललो होतो तिथेच उभा राहून सांगतो. कळसाडीच्या बागायतदारांना निरोप धाडून बोलावून घेतो. त्यांच्या पुतण्यालाही. पण मला भीती एकाच गोष्टीची वाटते, तीही तिला सांगितली. तिथेही लोक मला पाणी देतील, खुर्ची देतील, म्हणतील दाजी किती मोठे. माझ्या पांढऱ्या मिशांकडे बघून सगळे मला सोडून देतील आणि हिरामण परत अडकेल. म्हणून विचारलं, "तू येशी का संगे? माले कोनी मोठं कराले लागनं, ते तू तठेच बोल. मन्हा मान ठेवू नको."

एसटी आली होती. कंडक्टर घंटी मारत होता. रंजनाने पिशवी माझ्या हातात दिली, पाया पडली नाही, आणि म्हणाली, "येसू संगे."